हरितगृह शेती, हिंजवडी-मावळ परिसरातील

हरितगृह शेती, हिंजवडी-मावळ परिसरातील : पारदर्शक आच्छादनाखाली तापमान, आर्द्रता, प्रकाश व पाणी यांचे नियमन करून फुले व भाज्या यांचे विक्रीसाठी उत्पादन करण्याच्या पद्धतीस हरितगृह शेती म्हणतात. अशा वास्तूस पूर्वी ‘काचगृह’ किंवा ‘पादपगृह’ असे म्हणत. पॉलिएथिलिनाच्या आच्छादनामुळे शेतकऱ्यांच्या बोलण्यात तिला ‘पॉलिहाऊस’ हेच नाव रूढ झाले आहे. पुणे शहराच्या पश्चिमेस मुळा, पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे मुळशी तालुक्याचा काही भाग व मुख्यतः मावळ तालुका यांत, १९९० नंतर या शेतीचा विस्तार झाला. भारतातून निर्यात होणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबांचे हे एक प्रमुख क्षेत्र आहे. याच दशकाच्या उत्तरार्धात या पट्ट्याच्या पूर्व टोकास असलेल्या हिंजवडी गावी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले. दोन्ही उद्योगांची मुळे एकाच आर्थिक धोरणात होती आणि दोहोंना लागणारी जमीन, पाणी व रस्ते एकाच खोऱ्यांतील होते. म्हणून येथील हरितगृहांचा इतिहास हा केवळ एका लागवड तंत्राचा इतिहास नाही. पिकाला हवामानापासून संरक्षण मिळाल्यावर शेतकऱ्यासमोर कोणत्या नव्या अनिश्चितता उभ्या राहतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

भौगोलिक पार्श्वभूमी : हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव पुणे शहराच्या मध्यापासून पश्चिमेस सु. २० किमी. अंतरावर आहे. म्हातोबा हे तेथील ग्रामदैवत असून त्याच्या यात्रेतील बगाड प्रसिद्ध आहे. गावाच्या वायव्येस मावळ तालुका पसरला असून त्याची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या माथ्याला भिडते. या टापूत पश्चिमेकडे जावे तसे पर्जन्यमान झपाट्याने वाढत जाते. पुण्यास वर्षाला सु. ७०० मिमी. पाऊस पडतो, तर लोणावळ्यास तो ४,००० मिमी.च्याही वर जातो. खरिपातील भात हे येथील परंपरागत पीक होय. मुळशीचा आंबेमोहोर प्रसिद्ध आहे, तर ‘इंद्रायणी’ ही भाताची जात वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केली. समुद्रसपाटीपासून सु. ५५० ते ६५० मी. उंची, थंड रात्री, बेताचा उन्हाळा, पवना धरणाचे पाणी, लाल मातीची उपलब्धता आणि मुंबईच्या विमानतळाचे सान्निध्य या गोष्टी फुलांच्या लागवडीस अनुकूल ठरल्या. येथील मुसळधार पाऊस मात्र उघड्यावरील नाजूक फुलांना मारक असतो. त्यामुळे येथे हरितगृहाची खरी गरज थंडीपासून नव्हे, तर पावसापासून संरक्षण मिळविण्यासाठी होती. या शेतीच्या पुढील इतिहासात ही बाब निर्णायक ठरली.

पूर्वेतिहास : ऋतूबाहेर भाज्या पिकविण्याचा प्रयत्न प्राचीन आहे. रोमन सम्राट टायबीरिअस याच्यासाठी चाकांवरील वाफ्यांत काकडी लावून, थंडीत ती पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली ठेवीत, असा उल्लेख प्लिनीच्या लेखनात आढळतो. यूरोपात पुढे संत्र्यांच्या झाडांसाठी गरम गृहे बांधण्याची प्रथा श्रीमंत घराण्यांत पडली. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्यावर काचगृहांची संख्या वाढली. जोसेफ पॅक्स्टन या उद्यानतज्ञाने १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनासाठी उभारलेला स्फटिक प्रासाद हा काचगृहाच्याच रचनेचा विस्तार होता. व्यापारी उत्पादनासाठी काचगृहांचा सर्वांत मोठा वापर नेदर्लंड्समध्ये झाला. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी आल्समेर येथे उत्पादकांनी स्वतःच्या सहकारी लिलाव संस्था स्थापन केल्या. उत्पादन व विक्री या दोन्ही बाजू उत्पादकांनी आपल्या हाती ठेवणे हे डच पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

इंग्लंडमध्ये १९३३ मध्ये पॉलिएथिलिनाचा शोध लागला. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी प्लॅस्टिकचा पातळ पडदा वापरून हरितगृह तयार केले. यामुळे खर्च एकदम उतरला आणि स्पेनच्या आल्मेरिया प्रांतासारख्या कोरड्या, उबदार प्रदेशांतही ही शेती पसरली.

भारतात बंगलोरच्या लालबागेतील काचगृहाची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. परंतु ते शोभेच्या वनस्पतींच्या प्रदर्शनासाठी होते. पुण्यास १८७३ मध्ये गणेशखिंड येथे वनस्पतिउद्यान स्थापन झाले आणि पुढे कृषी महाविद्यालयामुळे उद्यानविद्येचे शास्त्रीय शिक्षण येथे रुजले. तथापि बाजारातील फूलशेती उघड्यावरचीच राहिली. झेंडू, शेवंती, निशिगंध, ॲस्टर व देशी गुलाब ही फुले सुटी किंवा हारांसाठी विकली जात आणि त्यांची मागणी गणेशोत्सव, दसरा, दिवाळी व लग्नसराई यांवर अवलंबून असे. लांब दांड्याच्या फुलांचा व्यापार मर्यादित होता. तळेगाव दाभाडे येथे लोकवर्गणीच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला होता. पण त्याच तळेगावाच्या आसपास सु. ९० वर्षांनी जी हरितगृहे उभी राहिली, ती काचेची नव्हे, तर प्लॅस्टिकची.

धोरणातील बदल : भारतात शेतीतील प्लॅस्टिकच्या वापरास चालना देण्यासाठी १९८१ मध्ये एक राष्ट्रीय समिती नेमण्यात आली. राष्ट्रीय फलोद्यान मंडळ १९८४ मध्ये स्थापन झाले. १९८५ च्या अधिनियमानुसार कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा) पुढील वर्षी अस्तित्वात आले. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने भाज्यांचे बियाणे व फुलझाडांची लागवड सामग्री आयात करणे सुलभ केले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी तांत्रिक सहकार्याचे करार सोपे झाले आणि शंभर टक्के निर्यातप्रधान घटकांना यंत्रसामग्रीवरील आयातशुल्कात सवलत मिळाली. बँका व भागबाजार यांनी फूलशेतीकडे नवा उद्योग म्हणून पाहण्यास सुरुवात केली. पुणे, बंगलोर, हैदराबाद व दिल्ली या शहरांच्या परिसरात कंपन्यांनी जमिनी घेऊन हरितगृहे उभारली.

कंपन्यांचा कालखंड : १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात तळेगाव परिसरात काही एकर ते काही हेक्टर क्षेत्राची हरितगृहे उभी राहिली. सांगाडा, आच्छादन, ठिबक संच, संगणकीय नियंत्रक व कलमे ही सर्व सामग्री बहुधा नेदर्लंड्स, इझ्राएल किंवा फ्रान्स येथून आणली जाई. परदेशी तज्ञ सल्ला देत आणि माल परत खरेदी करण्याची हमीही काही करारांत असे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कोंडिग्रे येथेही याच दशकात फुले व भाज्या यांचे मोठे हरितगृह क्षेत्र विकसित झाले. पुण्याजवळील मांजरी येथे डच सहकार्याने जरबेऱ्याच्या ऊतक संवर्धित रोपांचे उत्पादन सुरू झाल्यामुळे लागवड सामग्रीसाठी प्रत्येक वेळी परदेशाकडे पाहण्याची गरज काही अंशी कमी झाली.

या कालखंडाचा शेवट निराशाजनक झाला. दशकाच्या अखेरीपर्यंत देशातील अनेक निर्यातप्रधान घटक आजारी पडले व काही बंद झाले. याची कारणे अनेक होती. पहिले कारण वास्तुरचनेचे होते. यूरोपातील हरितगृह हे मूलतः उष्णता साठविण्यासाठी असते. सूर्याच्या लघुतरंगी प्रारणाने आतील माती व वनस्पती तापतात; आच्छादनामुळे उबदार हवा बाहेर जाऊ शकत नाही व काचेतून दीर्घतरंगी प्रारणही सहज निसटत नाही. पुण्याच्या हवामानात वर्षाचा बराच काळ हीच उष्णता बाहेर घालविणे हा मुख्य प्रश्न असतो. बुटक्या व कमी झरोक्यांच्या आयात वास्तूंत एप्रिल-मे महिन्यांत पीक होरपळे. पंखे व ओले गादीपडदे यांच्या साहाय्याने त्या थंड ठेवाव्यात, तर विजेचा खर्च परवडत नसे आणि वीजपुरवठा खंडित झाल्यास काही तासांत नुकसान होई.

दुसरे कारण भांडवलाचे होते. उभारणीचा खर्च मोठा असल्याने व्याजाचा बोजा पहिल्या फुलाआधीच सुरू होई. तिसरे कारण बाजाराचे होते. केन्यासारख्या आफ्रिकी देशांतील फुले यूरोपीय राष्ट्रांशी झालेल्या लोमे करारामुळे आयातशुल्काशिवाय यूरोपात पोहोचत. भारतीय फुलांवर मात्र शुल्क पडे. विमानभाडे जास्त होते, विमानतळांवर शीतगृहांची सोय अपुरी होती आणि लिलावात भाव पडला, तर झळ उत्पादकासच सोसावी लागे. अनेक घटकांनी जवळजवळ एकाच जातीचे लाल गुलाब एकाच वेळी बाजारात आणल्याने ही अडचण वाढली. पिकाचे हवामान छपराखाली आले होते. किंमत मात्र उघड्यावरच राहिली.

तळेगाव केंद्र व लहान उत्पादक : कंपन्यांच्या अपयशातून या परिसराला एक मोलाची गोष्ट मिळाली, ती म्हणजे प्रशिक्षित माणसे. हरितगृहांत काम केलेले कृषी पदवीधर, पर्यवेक्षक व मजूर यांना छाटणी, खतपाणी व प्रतवारी यांचे प्रत्यक्ष ज्ञान होते. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे तळेगाव येथील पुष्पोद्यान आकारास आले व त्यात उद्योजकांना हरितगृहांसाठी भूखंड देण्यात आले. तळेगाव दाभाडे येथीलच उद्यानविद्या प्रशिक्षण केंद्र व राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था यांतून शेतकऱ्यांसाठी हरितगृह व्यवस्थापनाचे अल्प मुदतीचे वर्ग चालविले जाऊ लागले. राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी तेथे या तंत्राचे पहिले धडे घेतले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यामुळे दादरचा फूलबाजार व मुंबईचा विमानतळ काही तासांच्या अंतरावर आले.

राष्ट्रीय फलोद्यान अभियान २००५-०६ पासून सुरू झाल्यावर हरितगृहाच्या प्रमाणित खर्चाच्या ५० टक्के अनुदान मिळू लागले. प्रति लाभार्थी ४,००० चौ. मी. ही त्याची क्षेत्रमर्यादा पुढे बरीच वर्षे होती. त्यामुळे हरितगृहाचे स्वरूप पालटले. काही हेक्टरांच्या कंपनीऐवजी १०, २० किंवा ४० गुंठ्यांचे कौटुंबिक हरितगृह हे त्याचे प्रातिनिधिक रूप बनले. पवनानगर, येळसे इ. गावांत भातखाचरांच्या शेजारी पांढऱ्या छपरांच्या रांगा दिसू लागल्या. उत्पादकांनी गट करून सामाईक प्रतवारी, शीतगृह व निर्यात यांची व्यवस्था करण्याचे प्रयत्नही केले.

रचना : या काळात रूढ झालेले हरितगृह नैसर्गिक वायुवीजनाचे आहे. जस्तलेपित लोखंडी नळ्यांचा सांगाडा, सु. ४ ते ४·५ मी. उंचीवर पन्हळ, सु. ६·५ मी. उंचीचा माथा, छपरात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस उघडणारे झरोके आणि बाजूंना गुंडाळता येणारे पडदे अशी त्याची रचना असते. आच्छादन २०० मायक्रॉन जाडीच्या, जंबुपार किरणांस प्रतिरोधक अशा पॉलिएथिलिनाचे असून ते सु. ३ ते ४ वर्षांनी बदलावे लागते. उन्हाळ्यात आतून सावलीची जाळी ओढतात व धुक्याप्रमाणे सूक्ष्म तुषार सोडून तापमान उतरवितात. पन्हळीतील पावसाचे पाणी शेततळ्यात साठविण्याची पद्धतही अनेकांनी अवलंबिली आहे. उंच माथा व मोठे झरोके यांमुळे तापलेली हवा आपोआप वर जाऊन बाहेर पडते. आयात वास्तूंतील उणिवेवर स्थानिक परिस्थितीतून काढलेले हे उत्तर होय. त्यामुळे पंख्यांची व विजेची गरज बरीच घटली.

लागवड : काळी भारी जमीन या पिकांना मानवत नाही. म्हणून पाण्याचा निचरा होणारी लाल माती बाहेरून आणून तीत शेणखत व भाताचे तूस मिसळतात आणि सु. ३० ते ४५ सेंमी. उंचीचे गादीवाफे करतात. मातीचा सामू ५·५ ते ६·५ च्या दरम्यान राखला जातो. लागवडीपूर्वी मातीचे निर्जंतुकीकरण करावे लागते, कारण एकच पीक वर्षानुवर्षे राहिल्याने सूत्रकृमी व मुळांचे रोग बळावतात. विद्राव्य खते ठिबक सिंचनातून रोज मोजून दिली जातात. बंदिस्त उबदार हवेत भुरी, केवडा, लाल कोळी व फुलकिडे यांचा उपद्रव वाढतो. त्यामुळे छपराखालील पीक रोगमुक्त असते, ही समजूत बरोबर नाही.

गुलाब, जरबेरा व कार्नेशन ही प्रमुख फुलपिके होत. जरबेऱ्यास लागवडीनंतर सु. ३ महिन्यांत फुले येऊ लागतात व पीक अडीच ते तीन वर्षे ठेवतात. गुलाबाची लागवड ५ ते ६ वर्षे टिकते. त्यात कमकुवत फांद्या तोडून न टाकता वाफ्याच्या कडेस वाकवितात. त्यांची पाने झाडासाठी अन्न तयार करीत राहतात व बुंध्यापासून जोमदार सरळ दांडे निघतात. ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’, ‘गोल्ड स्ट्राइक’, ‘ॲव्हलांश’ इ. जाती येथे लावल्या जातात. बहुतेक जाती परदेशी पैदासकारांच्या असून त्यांच्या कलमांमागे स्वामित्वशुल्क द्यावे लागते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये अशा हक्कांस भारतात कायद्याचे अधिष्ठान मिळाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यास आल्यामुळे देशी जातींच्या संशोधनास स्थानिक केंद्र लाभले. तथापि निर्यातीच्या गुलाबात परदेशी जातींचेच वर्चस्व राहिले.

गुलाब उत्पादकाचे वर्ष १४ फेब्रुवारी या ‘व्हॅलेंटाइन दिना’भोवती फिरते. छाटणीपासून फूल काढणीस येण्यास हिवाळ्यात सु. ४५ ते ५० दिवस लागतात. म्हणून डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास छाटणी व खुडणी करून कळ्यांचा बहर जानेवारीच्या अखेरीस येईल, असे नियोजन करतात. या आठवड्यांत रात्रीची थंडी फार वाढली, तर कळ्या लांबतात. ढगाळ हवामान राहिले, तर भुरी येते. चारसहा दिवसांच्या फरकानेही निर्यातीची संधी हुकते. कळी घट्ट असतानाच दांडा कापून लगेच पाण्यात ठेवतात, २ ते ४° से. तापमानाच्या शीतगृहात थंड करतात, दांड्याच्या लांबीनुसार ४० ते ७० सेंमी. अशी प्रतवारी करतात आणि २० फुलांची जुडी बांधून कागदी पेट्यांत भरतात. पेट्या शीतवाहनांतून मुंबईच्या विमानतळावर व तेथून यूरोप, जपान, ऑस्ट्रेलिया इ. ठिकाणी जातात. निर्यातीची मुदत संपल्यावरची काढणी देशांतर्गत बाजारासाठी असते. अलीकडे लग्नसमारंभ व शहरी भेटवस्तूंची प्रथा यांमुळे देशातील मागणी वाढली असून काही वर्षी स्थानिक भाव निर्यातीच्या भावाच्या बरोबरीने राहिले आहेत.

भाज्या : हरितगृहातील भाज्यांत रंगीत ढोबळी मिरचीस पहिले स्थान आहे. ‘बॉम्बे’ ही लाल व ‘ओरोबेल’ ही पिवळी या संकरित जाती विशेष प्रचारात आल्या. झाडाच्या दोन ते चार फांद्या राखून त्या सुतळीने वरच्या तारेस बांधतात व सु. ९ ते १० महिने काढणी व वाढ एकाच वेळी चालू ठेवतात. परागणाविना फळणाऱ्या बिनबियांच्या काकडीचे उत्पादनही घेतात. शहरातील हॉटेले व मोठी किराणा दुकाने यांच्या मागणीमुळे लेट्यूससारख्या परदेशी पालेभाज्याही लावल्या जाऊ लागल्या. जुन्नर, इंदापूर व बारामती या तालुक्यांत हरितगृहे व त्यांहून स्वस्त अशी जाळीगृहे यांत भाज्यांचे क्षेत्र वाढले. बारामती येथील कृषी विकास प्रतिष्ठानाच्या परिसरात डच सहकार्याने भाज्यांचे गुणवत्ता केंद्र स्थापन झाले आहे. फुलांचा भाव पडला की मिरची आणि मिरचीवर रोग पडला की पुन्हा फुले, असा पालट लहान उत्पादक करतात. परंतु दरवेळी वाफे, दोरबांधणी व रोपे यांवर नवा खर्च होतो.

श्रम : हरितगृहाला पंचवीस-तीस गुंठ्यांतही वर्षभर रोजची माणसे लागतात. काढणी पहाटे सुरू होते, कारण उन्हात कापलेल्या फुलाचे आयुष्य घटते. खुडणी, प्रतवारी व जुड्या बांधणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. फवारणी व देखभाल बहुधा पुरुषांकडे असते. स्थानिक मजुरांबरोबर परजिल्ह्यांतून व परराज्यांतून आलेली कुटुंबेही हरितगृहाशेजारी राहून काम करतात. हंगामी मजुरीच्या तुलनेत बारमाही रोजगार ही मोठी जमेची बाजू आहे. बंदिस्त जागेतील उष्णता व कीटकनाशकांचा वारंवार संपर्क या तिच्या उलट बाजू असून मुखपट, हातमोजे व फवारणीनंतर आत न जाण्याची मुदत यांचे पालन आवश्यक ठरते.

जमीन व पाणी : मुळा खोऱ्यातील जमिनीवर बाहेरच्या गरजांचा हक्क सांगितला जाण्याचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते २४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. हिंजवडी व माण परिसरातील शेतजमिनी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी संपादिल्या. पाठोपाठ गृहसंकुले आली आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. या घडामोडींनी जमिनीची किंमत इतकी वाढली की, ती कोणत्याही पिकाच्या उत्पन्नातून भरून निघणे अशक्य झाले. शहराची वाढ हरितगृहाला ग्राहक देते. पण तीच त्याच्या पायाखालची जमीन महाग करते. त्यामुळे ही शेती शहराच्या कडेला स्थिर न होता पश्चिमेकडे सरकत गेली.

पाण्याच्या बाबतीतही असाच ताण आहे. पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून खाली येते व दोन्ही काठांवरील शेतकरी ते उपसून घेतात. पिंपरी-चिंचवडसाठी हे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले व योजनेचे काम स्थगित झाले. ठिबक सिंचनामुळे हरितगृहास तुलनेने थोडे पाणी पुरते. मात्र ते रोज व नियमित लागते, कारण छपराखालील पिकाला पावसाचा थेंब मिळत नाही.

अलीकडील संकटे : हरितगृहाचे कर्ज सर्वसाधारण पीककर्जाच्या कितीतरी पट असते. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीची मर्यादा दीड लाख रुपये असल्याने हरितगृहधारकांस तिचा फारसा उपयोग झाला नाही आणि अनेक जिल्ह्यांतील अशा शेतकऱ्यांनी वेगळ्या मदतीची मागणी केली. अनुदान उभारणीला मिळे. भाव पडल्यावर हप्ते भरण्यासाठी मात्र कोणतेही संरक्षण नव्हते. कृत्रिम फुलांच्या वाढत्या वापरामुळे सजावटीची मागणी घटत असल्याची तक्रार उत्पादकांनी केली व त्यांवर बंदीची मागणी पुढे आली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागू झाली तेव्हा लग्ने, मंदिरे व विमानवाहतूक एकाच वेळी थांबली. भाजी साठविता किंवा दारोदार विकता येते. दांड्याचा गुलाब विकला नाही तर टाकूनच द्यावा लागतो. शिवाय फुले तोडणे थांबविले तर झाड बिघडते. म्हणून उत्पादकांनी मजुरी देऊन फुले तोडली व खड्ड्यात टाकली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. घाट ओलांडून आलेल्या वाऱ्याने मावळ, मुळशी व जुन्नर भागांत अनेक हरितगृहांची आच्छादने फाटली व सांगाडे वाकले. पावसाच्या व उन्हाच्या नियंत्रणासाठी उभारलेल्या या वास्तूंचे संकल्पन किनाऱ्यावरील वादळाचा विचार करून झालेले नव्हते. ज्यांनी विमा उतरविला होता व ज्यांच्या गटाकडे सामाईक साधने होती, त्यांना पुन्हा उभे राहणे तुलनेने सोपे गेले.

मूल्यमापन : गेल्या तीन दशकांत या परिसरातील हरितगृह शेतीने दोन मोठी रूपांतरे पाहिली. परदेशी नमुन्यावरील मोठ्या कंपन्यांची जागा स्थानिक हवामानाला जुळवून घेतलेल्या लहान वास्तूंनी घेतली आणि केवळ निर्यातीवर असलेली भिस्त देशी बाजाराकडे वळली. यांपैकी पहिले यश तंत्राचे आहे. अभियंते, कृषितज्ञ व मजूर यांनी मिळून आयात केलेली एक वस्तू येथील मातीला व पावसाला जुळेल अशी घडविली. ज्या भूमीत भाताव्यतिरिक्त फारसे नगदी पीक नव्हते, तेथे २० गुंठ्यांवर एका कुटुंबाला व काही मजुरांना वर्षभर काम मिळू शकते, हे तिने सिद्ध केले.

संघटनेच्या बाजूने मात्र हे काम अपुरे राहिले आहे. डच पद्धतीतील काचगृह येथे आले. त्यामागील उत्पादकांची लिलाव संस्था, सामाईक शीतसाखळी व स्वतःच्या जातींची पैदास या गोष्टी त्याच प्रमाणात आल्या नाहीत. परिणामी जातीचा हक्क पैदासकाराकडे, भाव ठरविण्याची शक्ती व्यापाऱ्याकडे, जमिनीची किंमत शहराकडे आणि कर्ज तेवढे शेतकऱ्याकडे, अशी विभागणी झाली. हरितगृहाचे पहिले दीड दशक छप्पर कसे असावे हे शिकण्यात गेले. त्या छपराखालील जोखीम कोणी व किती वाटून घ्यावी, या प्रश्नाच्या उत्तरावर हिंजवडीच्या पश्चिमेकडील या शेतीचे भवितव्य अवलंबून आहे.